तेहतिसाव्या वर्षी व्याकरण शिकायला बसलेला संत

दरवर्षी ३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करते. येशूसंघाचे संस्थापक, ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाचे कर्ते, संत फ्रान्सिस झेवियर यांना भारतात धाडणारे वरिष्ठ अशी त्यांची ओळख आपल्या धर्मग्रामांतील लहानथोरांना आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील एक प्रदीर्घ पर्व आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. ते पर्व म्हणजे त्यांचे विद्यार्थिजीवन. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते सुरू झाले, जवळजवळ अकरा वर्षे चालले आणि त्यातील पहिली काही वर्षे तर अपयशातच गेली.

हे पर्व आज सांगण्यास आम्हांला एक निमित्त आहे. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात पालक भेटतात आणि बहुधा एकच गाऱ्हाणे मांडतात. मुलगा हुशार आहे, पण अभ्यासात त्याचे मन लागत नाही. मुलगी तासन्‌तास पुस्तक उघडून बसते, डोळे पानावर असतात, चित्त मात्र भलतीकडेच. कोणी मोबाइलला दोष देतो, कोणी मित्रमंडळींना. कोणी नोव्हेना विचारतो, तर कोणी मुलाच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करण्याची विनंती करतो. प्रार्थना आम्ही आनंदाने करतो. तथापि ज्या संताला स्वतःला हाच त्रास झाला आणि ज्याने त्याचे मूळ शोधून काढले, त्याची कथा सांगणे हेही आमचे कर्तव्य आहे असे आम्हांला वाटते.

स्वप्नरंजनात हरवलेला सरदारपुत्र

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ च्या सुमारास स्पेनच्या बास्क प्रदेशातील लोयोला गढीत झाला. बाप्तिस्म्याचे नाव इनिगो. मोठ्या सरदार कुटुंबातले हे धाकटे अपत्य. तारुण्याची वर्षे राजदरबाराशी संबंधित मोठ्या घराण्यांच्या सेवेत गेली. तलवार, भरजरी पोशाख, शौर्यकथा आणि कीर्ती यांचे त्यांना विलक्षण वेड होते. अक्षर सुंदर होते, परंतु विद्येचा पाया मात्र कच्चाच राहिला. पुढे धर्मगुरू होण्यासाठी जी लॅटिन भाषा अत्यावश्यक होती, ती त्यांना येत नव्हती.

२० मे १५२१ रोजी पांप्लोना येथील किल्ल्याचे रक्षण करताना तोफेच्या गोळ्याने त्यांचा एक पाय मोडला व दुसराही जखमी झाला. लोयोलाच्या घरी कित्येक महिने अंथरुणावर पडून काढावे लागले. वेळ घालविण्यासाठी त्यांनी शौर्यकथांची पुस्तके मागितली. ती घरात नव्हती. त्याऐवजी ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे असे दोन ग्रंथ त्यांच्या हाती आले.

या दिवसांत त्यांचे मन दोन वाटांनी भटकत असे. कधी एका उच्चकुलीन स्त्रीची सेवा कशी करावी, तिच्यासमोर कोणता पराक्रम गाजवावा या विचारात दोन, तीन, चार तास कसे निघून जात हे त्यांना कळतही नसे. कधी संत फ्रान्सिस वा संत डॉमिनिक यांच्यासारखे आपणही व्हावे, जेरुसलेमला अनवाणी जावे, असे विचार येत. दोन्ही विचार येताना गोडच वाटत. पण एके दिवशी त्यांच्या ध्यानात एक भेद आला. पहिला विचार निघून गेल्यावर मन कोरडे व असंतुष्ट राही, तर दुसरा गेल्यावरही प्रसन्नता टिकून राही.

आमच्या मते इग्नेशियस यांच्या पुढील सर्व शिकवणीचा उगम या शोधात आहे. आपले मन कोठे जाते, केव्हा जाते आणि परतताना काय घेऊन येते हे त्यांनी पाहायला सुरुवात केली. मनाला रागावण्याआधी त्यांनी मनाची पाहणी केली. त्याच काळात त्यांनी त्या दोन ग्रंथांतील निवडक भाग एका वहीत उतरवून काढले. प्रभू येशूची वचने तांबड्या शाईत आणि पवित्र मरियेची निळ्या शाईत लिहिली. सुमारे तीनशे पानांची ती वही झाली. एरवी तासन्‌तास भटकणारे मन हात कामाला लागताच स्थिरावले.

रात्रीची गोड प्रचिती

१५२२ मध्ये मॉन्टसेरात येथील पवित्र मरियेच्या तीर्थस्थानी तलवार ठेवून इग्नेशियस मानरेसा या गावी आले. तेथे जवळजवळ अकरा महिने त्यांनी कठोर तप केले. दिवसातले सात तास ते गुडघे टेकून प्रार्थना करीत.

येथील एक छोटासा अनुभव आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. रात्री अंथरुणावर पडले की त्यांना उदात्त आध्यात्मिक प्रचिती येऊ लागत आणि आधीच तुटपुंजी असलेली झोप त्यांत निघून जाई. कोणत्याही भक्ताला हे मोठे कृपादान वाटले असते. इग्नेशियस यांनी मात्र हिशोब मांडला. देवाशी संवाद करण्यास दिवसाचे इतके तास राखून ठेवलेले असताना झोपेसाठी नेमलेल्या वेळेतच हे विचार का यावेत? ही प्रचिती चांगल्या आत्म्याकडून येत नसावी अशी त्यांना शंका आली. ती बाजूला सारून झोपणे योग्य, असे त्यांनी ठरविले आणि ते झोपले. ही सावधगिरी पुढे दोन वर्षांनी त्यांच्या कामी आली.

बार्सिलोना : क्रियापदे आणि ध्यान

१५२३ च्या सप्टेंबरात ते जेरुसलेमला पोहोचले. प्रभूच्या भूमीतच आयुष्य घालवावे ही त्यांची तीव्र इच्छा होती, परंतु तेथील फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना परत जाण्याची आज्ञा दिली. परतीच्या प्रवासात त्यांनी विचार केला की लोकांच्या आत्म्यांना साहाय्य करावयाचे तर काही काळ विद्या शिकलीच पाहिजे. १५२४ च्या उपवासकाळात ते बार्सिलोनास आले. इझाबेल रोझेर या सद्गृहिणीने त्यांच्या चरितार्थास हातभार लावण्याचे कबूल केले, आणि जेरोनिमो आर्देवोल या शिक्षकांनी मोबदला न घेता लॅटिन शिकविण्याची तयारी दाखविली.

तेहतीस वर्षांचा, लंगडत चालणारा हा माजी शिलेदार आता व्याकरण घोकू लागला. पण लॅटिनची रूपे पाठ करायला बसले की मन एकाएकी आध्यात्मिक विषयांकडे झेप घेई. देवाविषयी नवनवे बोध होत, अंतःकरण भरून येई आणि रूपे मात्र विसरून जात. ते ध्यान दूर सारण्याचा त्यांनी प्रयत्न केला तरी ते दूर होईना. दिवस जात होते आणि पाठांतर काही केल्या पुढे सरकत नव्हते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. हे विचार वाईट नव्हते. ते करमणुकीचे वा वासनेचेही नव्हते. ते प्रभूविषयीचे विचार होते. अशा विचारांना अडथळा म्हणण्याचे धैर्य कोणाला होईल? व्याकरण सोडून मी देवाचे ध्यान करीत आहे, असे म्हणून इग्नेशियस यांनी पुस्तक मिटले असते, तर त्यांच्या ओळखीच्या कितीतरी भाविकांनी त्यांची वाखाणणीच केली असती.

मात्र लोयोलाला मिळालेली दृष्टी आणि मानरेसाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांनी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. मी प्रार्थनेला बसतो किंवा मिस्साला जातो, तेव्हा हे तेजस्वी बोध इतक्या उत्कटतेने येत नाहीत. मग ते नेमके व्याकरणाच्या वेळीच का येतात? या प्रश्नात उत्तर दडलेले होते. जो चांगला विचार आपल्याला आपल्या हातातील कर्तव्यापासून दूर नेतो, तो चांगला असूनही त्या घटकेपुरता मोहच होय, हे त्यांनी ओळखले.

सांता मारिया देल मारमधील वचन

मोह ओळखल्यावर त्यांनी केलेला उपाय तर आणखीच साधा होता. सांता मारिया देल मार हे चर्च शिक्षकांच्या घरापासून जवळच होते. तेथे येऊन आपले थोडे ऐकून घ्यावे, अशी त्यांनी आर्देवोल यांना विनंती केली. दोघे बसले. इग्नेशियस यांनी आपल्या मनात जे काही चालले होते ते सर्व, काहीही न लपविता, त्यांना सांगितले. आपली प्रगती इतकी अल्प का झाली याचे कारणही सांगितले. नंतर त्यांनी शिक्षकांना वचन दिले. बार्सिलोनात जगण्यापुरती भाकरी आणि पाणी मिळत आहे तोवर या दोन वर्षांत आपला एकही पाठ ऐकल्यावाचून मी राहणार नाही. हे वचन त्यांनी इतक्या निर्धाराने दिले की त्यानंतर तसा मोह तेथे पुन्हा झाला नाही.

या प्रसंगात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली अशी की त्यांनी आपली अडचण दुसऱ्या माणसासमोर उघड केली. पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात त्यांनी लिहिले आहे की मोह घालणारा शत्रू कपटी प्रियकरासारखा असतो. गुपित गुपितच राहावे अशी त्याची इच्छा असते, आणि ते जाणत्या माणसाला सांगितले की त्याचे बळ सरते. दुसरी गोष्ट अशी की त्यांनी वचन दिले ते ध्यान न करण्याचे नव्हते. मनात अमुक विचार येऊ देणार नाही असे वचन कोणाला पाळता येत नाही, कारण विचार आपल्या परवानगीने येत नाहीत. त्यांनी वचन दिले ते वर्गात हजर राहून ऐकण्याचे. पाय वर्गात नेणे आणि कान शिक्षकांकडे देणे माणसाच्या हाती असते. मन हळूहळू त्यांच्यामागून येते.

आम्ही सेमिनरीत शिकत असताना तत्त्वज्ञानाचे जड पुस्तक उघडले की नेमकी त्याच वेळी आम्हांला गायनाची वही नीटनेटकी करण्याची वा चॅपलमधील फुले बदलण्याची आठवण होत असे. ती कामे निश्चितच सत्कृत्ये होती. परीक्षा आटोपल्यावर मात्र त्या फुलांची आम्हांला एवढी ओढ का वाटली नाही, याचा उलगडा इग्नेशियस यांचे चरित्र वाचल्यावर झाला.

घाईचे फळ

एकदा मार्ग सापडला म्हणून इग्नेशियस यांचा पुढील प्रवास सुरळीत झाला असे नाही. १५२६ मध्ये ते अल्काला येथील विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी तर्कशास्त्र, निसर्गविज्ञान आणि ईशज्ञान हे तिन्ही विषय एकाच वेळी शिकायला घेतले. शिवाय लोकांना धर्मशिक्षण देणे आणि आध्यात्मिक साधना घडविणे हेही चालूच होते. धर्माधिकाऱ्यांना त्यांचा संशय आला, चौकशी झाली आणि बेचाळीस दिवसांचा तुरुंगवास घडला. निर्दोष सुटले तरी चार वर्षे अधिक अभ्यास होईपर्यंत श्रद्धेच्या विषयांवर बोलण्यास त्यांना मनाई झाली. पुढे सालामांका येथेही बावीस दिवस तुरुंगात काढावे लागले. तेथेही शिकवणीत दोष आढळला नाही, पण पुरेसे शिक्षण नसताना सूक्ष्म विषयांवर बोलू नये असे त्यांना बजावण्यात आले.

दोन विद्यापीठे झाली, पण पदरात काही पडले नाही. तेव्हा त्यांनी पॅरिसला जाण्याचा निश्चय केला. बहुतेक वाट पायी तुडवीत २ फेब्रुवारी १५२८ रोजी ते पॅरिसला पोहोचले. येथे त्यांनी जो निर्णय घेतला, तो आमच्या मते त्यांच्या नम्रतेचा कळस होय. आपण घाईघाईने पुढे गेलो आणि पाया कच्चा राहिला हे त्यांनी मान्य केले. मॉन्तेग्यू कॉलेजात प्रवेश घेऊन ते लहान मुलांच्या वर्गात पुन्हा लॅटिन शिकायला बसले. आता त्यांचे वय छत्तीस-सदतीस होते. पॅरिसची पद्धत शिस्तीची होती. एक पायरी पक्की झाल्याखेरीज पुढची नाही, आणि शिकविलेल्या पाठाची वारंवार उजळणी. तीन विषय एकदम हाताळून जे साधले नाही, ते एकेका पायरीने साधू लागले.

आपल्या मुलाचे चित्त अभ्यासात लागत नाही असे जेव्हा पालक सांगतात, तेव्हा आम्ही कधीकधी विचारतो की त्याला मागच्या इयत्तेचे गणित येते का? जे समजत नाही त्यात कोणाचेही मन फार काळ टिकत नाही. पुष्कळदा चंचलपणाच्या मुळाशी कच्चा पायाच असतो.

दूरचे निवासस्थान आणि भिक्षेचा प्रश्न

पॅरिसमध्ये आणखी एक संकट उभे राहिले. बार्सिलोनाहून आलेले पंचवीस एस्कुदो त्यांनी एका सहनिवाशाकडे ठेवायला दिले. त्याने ते खर्च करून टाकले. निवासाचे भाडे देता येईना. मग इग्नेशियस संत याकोबाच्या नावाने चालणाऱ्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत राहायला गेले. ती कॉलेजपासून बरीच दूर होती. सायंकाळच्या आवे मरियेच्या घंटेपूर्वी परतावे लागे आणि सकाळी उजाडल्याखेरीज तिचे दार उघडत नसे. कॉलेजचे पाठ मात्र पहाटेच सुरू होत. त्यातच पोटासाठी दारोदार भिक्षा मागण्यात दिवस जाई. इच्छा होती, निर्धार होता, वचनाचा अनुभवही होता, पण अभ्यास पुन्हा मागे पडला.

ही अडचण केवळ मनोबलाने सुटणार नाही हे त्यांनी ओळखले. एखाद्या प्राध्यापकाकडे सेवक म्हणून राहावे म्हणजे पाठही ऐकता येतील, असा विचार करून त्यांनी खूप शोध घेतला. पण तशी जागा मिळाली नाही. शेवटी एका संन्याशाने त्यांना सल्ला दिला की दरवर्षी महिना-दोन महिने फ्लँडर्स प्रदेशात जाऊन तेथील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडे साहाय्य मागावे आणि उरलेले वर्ष निश्चिंतपणे अभ्यास करावा. इग्नेशियस यांनी तो मानला. सलग तीन वर्षे ते त्या प्रदेशात गेले, त्यांपैकी एकदा इंग्लंडलाही गेले. दोन महिने अभ्यास बुडाला, परंतु दहा महिने वाचले. मिळालेल्या साहाय्यातून ते इतर गरीब विद्यार्थ्यांनाही मदत करू लागले.

या प्रसंगातून पालकांनी बोध घ्यावा असे आम्हांला मनापासून वाटते. एका खोलीत पाच माणसे, मोठ्याने चाललेला टीव्ही आणि कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेले मूल हे चित्र आम्ही गृहभेटीत पाहतो. अशा वेळी मुलाला एकाग्रतेचा उपदेश करून काय उपयोग? संध्याकाळचे दोन तास घर शांत ठेवणे, किंवा धर्मग्रामाने सभागृहाची एक खोली अभ्यासासाठी उघडी करणे, हा त्याला मिळालेला उपदेशाहून मोठा आधार ठरेल.

सेंट बार्ब कॉलेजातील खोली

१५२९ च्या वसंत ऋतूत इग्नेशियस यांनी तीन स्पॅनिश विद्यार्थ्यांकडून आध्यात्मिक साधना करवून घेतली. त्या तरुणांनी आपली चीजवस्तू, पुस्तकेसुद्धा, वाटून टाकली आणि ते धर्मशाळेत राहून भिक्षा मागू लागले. विद्यापीठात गदारोळ उडाला. त्यांपैकी अमादोर हा सेंट बार्ब कॉलेजचा विद्यार्थी होता. त्या कॉलेजचे प्रमुख दिओगो द गौव्हेया संतापले. इग्नेशियस आपल्या कॉलेजात पाऊल टाकतील तेव्हा त्यांना सर्वांसमक्ष फटक्यांची शिक्षा द्यायची, असे त्यांनी जाहीर केले. ती शिक्षा प्रत्यक्षात झाली नाही. पण ज्याने स्वतःच्या अभ्यासातील पवित्र मोह ओळखला होता, त्याच्या अविवेकी उत्साहाने इतरांचा अभ्यास सुटला, हे या प्रसंगी दिसून आले. संतसुद्धा एक धडा दोनदा शिकतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरात इग्नेशियस तत्त्वज्ञान शिकण्यासाठी त्याच सेंट बार्ब कॉलेजात दाखल झाले. ज्या खोलीत त्यांना जागा मिळाली, तेथे दोन तेवीस वर्षांचे तरुण राहत होते. एक सवॉय प्रांतातील मेंढपाळाचा मुलगा पीटर फेबर, आणि दुसरा नवार्रा येथील सरदारपुत्र फ्रान्सिस झेवियर. हुआन पेन्या हे त्यांचे शिक्षक. अभ्यासक्रम सुरू होताच बार्सिलोनाचा जुना मोह परत आला. पाठ ऐकताना ध्यान लागे आणि लक्ष उडे. या वेळी ओळखण्यास विलंब लागला नाही. इग्नेशियस थेट पेन्यांकडे गेले आणि भाकरी-पाणी मिळेल तोवर पूर्ण अभ्यासक्रम ऐकण्याचे तेच वचन त्यांनाही दिले. मोह ओसरला आणि अभ्यास पुढे सरकू लागला.

ॲरिस्टॉटल समजून घेण्यासाठी पेन्यांनी त्यांना फेबर यांची शिकवणी लावून दिली. फेबर ग्रीक भाषेत इतके पारंगत होते की अवघड जागी शिक्षकही त्यांना विचारीत. पंधरा वर्षांनी लहान सहाध्यायाकडून शिकण्यात इग्नेशियस यांना कमीपणा वाटला नाही. पण दोघांचा कल एकच असल्याने ॲरिस्टॉटलवरून गोष्ट देवाकडे वळे आणि रात्र सरून जाई. तेव्हा अभ्यासाच्या वेळी आध्यात्मिक विषय काढावयाचा नाही, असे त्या दोघांनी आपसांत ठरविल्याचे त्यांच्या चरित्रात सांगतात. भक्ती सुटली नाही. मिस्सा, दिवसातून दोनदा सद्सद्विवेकाचे परीक्षण, आणि रविवारी कार्थुसियन मठात जाऊन पापनिवेदन व कम्युनियन हा नेम चालू राहिला. प्रत्येक गोष्टीला तिची वेळ दिली गेली, इतकेच.

या काळात इग्नेशियस यांना कोणी त्रास दिला नाही. फ्रागो नावाच्या विद्वानांनी याविषयी आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा इग्नेशियस यांनी मिस्कीलपणे उत्तर दिले की सध्या मी कोणाशी देवाच्या गोष्टी बोलत नाही म्हणून ही शांतता आहे, अभ्यासक्रम संपला की पुन्हा पूर्वीसारखे सुरू होईल. आणि झालेही तसेच.

सातजण मॉन्टमार्त्रच्या टेकडीवर

१५३३ मध्ये इग्नेशियस यांनी लायसेन्शिएटची परीक्षा उत्तीर्ण केली आणि त्यानंतर मास्टर ही पदवी मिळविली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, मॉन्टमार्त्र टेकडीवरील चॅपलमध्ये सात मित्रांनी दारिद्र्य व ब्रह्मचर्य यांचे व्रत घेतले आणि जेरुसलेम यात्रेचा नवस केला. मिस्सा अर्पण केला तो फेबर यांनी, कारण तोवर त्यांच्यात तेच एकटे धर्मगुरू होते. १५३७ मध्ये इग्नेशियस यांना गुरुदीक्षा मिळाली आणि २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली.

येथे ईश्वरी योजनेचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. ज्या गौव्हेयांनी इग्नेशियस यांना फटके देण्याचे ठरविले होते, त्यांनीच १५३८ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून सुचविले की भारतातील धर्मकार्यासाठी पॅरिसमध्ये शिकलेली ही मंडळी योग्य आहेत. त्या सूचनेतून झेवियर यांची निवड झाली व ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, येथील भाषा चिकाटीने शिकले आणि त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये स्थापन झाले, तेही येशूसंघीयांच्याच श्रमातून. व्याकरणाच्या वर्गात टिकून राहिलेल्या एका प्रौढ विद्यार्थ्याचे आपणही ऋणी आहोत.

विद्यार्थ्यांसाठी ठेवलेला वारसा

इग्नेशियस यांनी आपला अनुभव विसरू दिला नाही. येशूसंघाच्या घटनेत विद्यार्थ्यांविषयी लिहिताना त्यांनी लांब प्रार्थना, अति देहदंड आणि अवेळी अंगावर घेतलेली सेवाकार्ये हे अभ्यासातील अडथळे म्हणून नोंदविले. देवाच्या सेवेच्या शुद्ध हेतूने केलेला अभ्यास जणू संपूर्ण माणूस मागतो, आणि त्या काळात तो देवाला प्रार्थनेहून कमी प्रिय नसतो, असा त्यांचा अभिप्राय होता. १५४८ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे कॉलेज उघडले, तेव्हा पॅरिसची क्रमवार पद्धत तेथे आणली गेली. ३१ जुलै १५५६ रोजी रोम येथे त्यांचे देहावसान झाले, तोवर अशी तीसहून अधिक कॉलेजे उभी राहिली होती. १२ मार्च १६२२ रोजी ते आणि फ्रान्सिस झेवियर एकाच दिवशी संतपदावर आरूढ झाले.

त्यांच्या ग्रंथातील दोन सूचना आपल्या मुलामुलींना आजही उपयोगी पडतील. एखादा दोष घालवायचा असेल तर सकाळी त्याविषयी निश्चय करावा, दुपारी आणि रात्री तो किती वेळा घडला ते आठवून कागदावर रेघेवर तितके ठिपके द्यावेत आणि कालच्या ठिपक्यांशी आजचे ताडून पाहावेत. अभ्यास करताना मोबाइलकडे किती वेळा हात गेला याचे ठिपके आठवडाभर मांडून पाहावेत. कोणी रागावण्याची गरज उरणार नाही. दुसरी सूचना प्रार्थनेच्या तासाविषयी आहे. मन कंटाळून तास लवकर आटोपावासा वाटला, तर नेमल्या वेळेपेक्षा थोडे अधिकच बसावे. अभ्यासाचा तासही असाच पाळता येईल.

पालकांना आम्ही इतकेच विनवू की मुलाने आपले मन लागत नसल्याचे सांगितले तर त्याला आळशी ठरवू नये. आर्देवोल यांनी त्या चर्चमध्ये बसून आधी सर्व ऐकून घेतले. ऐकून घेणारा कोणी असला म्हणजे वचन देता येते. आणि विद्यार्थीमित्रांनो, मिस्साला या, प्रार्थना करा, युवासंघातही काम करा. पण पुस्तकाची वेळ झाली की पुस्तक उघडा. ज्या प्रभूला तुम्ही चॅपलमध्ये भेटलात, तोच तुमच्या टेबलापाशीही आहे.

संत इग्नेशियस लोयोला, आमच्या विद्यार्थ्यांसाठी विनंती कर.